'पाच' या अंकाचा अर्थ : छातीच्या सीटी अहवालांच्या प्रमाणभाषेची चिकित्सा

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने फुप्फुसांच्या चित्रांविषयी लिहावे, हे सकृद्दर्शनी अधिकारातिक्रमणाचे वाटेल. म्हणून प्रारंभीच मर्यादा स्पष्ट करतो. छातीच्या सीटी चित्रात काय दिसते हे सांगण्याचा अधिकार क्ष-किरणतज्ज्ञाचा आहे. त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु जे दिसले ते शब्दांत वा अंकांत मांडले की त्याचा अहवाल होतो, आणि अहवाल हा भाषेचा व्यवहार आहे. त्यात संज्ञा असतात, संज्ञांच्या व्याख्या असतात, सांगणारा असतो आणि ऐकणाराही असतो. हा व्यवहार कोठे सिद्धीस गेला आणि कोठे फसला, हे तपासणे मात्र आपल्या शास्त्राच्या कक्षेत येते.

अहवालाच्या भाषेला शिस्त असावी, ही जाणीव नवी नाही. राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला १८९५ मध्ये. त्यानंतर तीन दशकेही पुरी झाली नव्हती तोच, १९२२ मध्ये, अमेरिकेतील प्रेस्टन हिकी यांनी क्ष-किरण अहवालांच्या प्रमाणीकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. छातीच्या चित्रणातील संज्ञांचा कोश फ्लाइश्नर सोसायटीने १९८४ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे १९९६ व २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. स्तनांच्या चित्रणासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ मध्ये 'बाय-रॅड्स' ही पद्धती आणली. अहवालाच्या अखेरीस एक ठरीव अंक लिहावयाचा, हा तिचा विशेष. विषाणुजन्य फुप्फुसदाहाची प्रचंड साथ २०२० मध्ये आली तेव्हा या परंपरेचे दोन धागे तयार होते : एक शब्दांचा आणि एक अंकांचा. अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोन्ही धाग्यांवर नवी प्रमाणभाषा विणली गेली. मार्च २०२० मध्ये रेडिऑलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकेचे तज्ज्ञमत प्रसिद्ध झाले, ते शब्दांचे. एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्समधील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने 'को-रॅड्स' ही श्रेणी मांडली, ती अंकांची. प्रस्तुत लेखात या दोहोंची, आणि त्यांच्या जोडीने आपल्याकडे रूढ झालेल्या 'स्कोअर'ची, परीक्षा करावयाची आहे.

२

प्रथम संज्ञांचा थर पाहू. या रोगाच्या अहवालात वारंवार येणाऱ्या संज्ञा बहुतेक रूपकात्मक आहेत. घासलेल्या काचेसारखी अपारदर्शकता, ओबडधोबड तुकडे जुळवून केलेल्या फरसबंदीसारखे चित्र, मधाचे पोळे, पालवी फुटलेले झाड : ही सारी रूपकेच. परंतु व्याख्या मिळाली की रूपकाची संज्ञा होते आणि मूळच्या साम्याला फारसे महत्त्व उरत नाही. याचे उत्तम उदाहरण 'घासलेल्या काचे'चेच आहे. फ्लाइश्नर कोशातील व्याख्येनुसार अशा छटेत फुप्फुसाचा भाग पांढुरका दिसतो, पण त्यातील रक्तवाहिन्या व श्वासनलिका यांच्या कडा दिसत राहतात. त्या कडा पुसल्या गेल्या तर त्याला घनीभवन म्हणावयाचे. आपल्या घरातील न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच आठवावी. तिच्या पलीकडील वस्तूच्या कडाच तर दिसत नाहीत! म्हणजे रूपक एक सांगते आणि व्याख्या नेमके त्याच्या उलट सांगते. तज्ज्ञाला याने बाधा येत नाही, कारण तो व्याख्येने बोलतो. बाधा येते ती भाषांतर करणाऱ्याला. 'दुधी काचेसारखी अपारदर्शकता' असा शब्दशः अनुवाद केला तर मराठीत रूपक येते, व्याख्या येत नाही. त्यापेक्षा 'धुकट छटा' हा प्रयोग मला अधिक यथार्थ वाटतो. विरळ धुक्यात झाड फिकट होते, पण त्याच्या फांद्या मोजता येतात.

३

आता वर्गनामांकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या तज्ज्ञमतात चार वर्ग आहेत : नमुनेदार, अनिश्चित, अनमुनेदार आणि न्यूमोनियाचा अभाव. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, 'नमुनेदार' हे विशेषण चित्राचे आहे, रोगाचे नव्हे. आणि या मसुद्याच्या कर्त्यांना त्याचे पुरते भान होते. नमुनेदार चित्रासाठी सुचविलेल्या वाक्यातच त्यांनी असे सांगून ठेवले आहे की इन्फ्ल्युएन्झाचा न्यूमोनिया, तसेच औषधांच्या दुष्परिणामाने वा संयोजी ऊतींच्या विकारांनी होणारा एक प्रकारचा फुप्फुसदाह हेही असेच चित्र निर्माण करू शकतात. न्यूमोनियाचा अभाव सांगणाऱ्या वाक्यालाही त्यांनी टीप जोडली आहे की रोगाच्या आरंभी सीटी निर्दोष असू शकतो. ही टीप केवळ सावधगिरीची नव्हे. चीनमधील १२१ रुग्णांच्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत तपासलेल्या ३६ जणांपैकी २० जणांचे सीटी चित्र निर्दोष होते. वर्गनामाच्या सोबत त्याची मर्यादाही एकाच वाक्यबंधात गोवलेली असावी, हा या मसुद्याचा मोठा गुण होय.

त्याचा दोष वर्गनामांच्या लौकिक अर्थात आहे. 'अनमुनेदार' चित्र म्हणजे या रोगाकडे न झुकणारे, दुसऱ्या कारणाकडे बोट दाखविणारे चित्र. पण 'रोग नेहमीसारखा नाही' असे ऐकलेला सामान्य माणूस त्याचा अर्थ 'अधिक भयंकर रोग' असाच करणार. 'न्यूमोनिया नाही' याचा अर्थ तो 'कोविड नाही' असा करणार. संज्ञेला आधीच एक लौकिक अर्थ असला की तो शास्त्रीय अर्थाच्या आड येतो, ही अडचण परिभाषेइतकीच जुनी आहे.

पाणिनीच्या व्याकरणात या अडचणीवर दोन मार्ग दिसतात. 'सर्वनाम', 'अव्यय' यांसारख्या संज्ञा अन्वर्थ आहेत. त्यांच्या नावातच त्यांचा अर्थ डोकावतो. उलट 'टि', 'घु', 'भ' या संज्ञा निव्वळ कृत्रिम आहेत. लोकव्यवहारात त्यांना काही अर्थच नाही, त्यामुळे व्याख्या वाचल्याखेरीज कोणी त्यांचा अर्थ लावू जाणार नाही. अन्वर्थ संज्ञा स्मरणाला सोपी, पण गैरसमजाला मोकळी. कृत्रिम संज्ञा स्मरणाला अवघड, पण गैरसमजापासून सुरक्षित. या दृष्टीने उत्तर अमेरिकेच्या वर्गनामांनी पहिला मार्ग पत्करला. डच पद्धतीने अंक स्वीकारले तेव्हा आपण दुसऱ्या, सुरक्षित मार्गाने चाललो आहोत, अशी तिच्या कर्त्यांची समजूत असावी. ती समजूत कितपत खरी होती, हाच या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४

को-रॅड्समध्ये ० ते ६ असे सात अंक आहेत. १ म्हणजे या रोगाची शक्यता अत्यल्प, २ म्हणजे अल्प, ३ म्हणजे संदिग्ध, ४ म्हणजे मोठी, ५ म्हणजे फार मोठी. हे पाच अंक एका चढत्या श्रेणीत बसतात. पण ० याचा अर्थ 'शक्यता नाही' असा नसून 'चित्र वाचण्याजोगे नाही' असा आहे. आणि ६ याचा अर्थ 'पाचाहूनही अधिक शक्यता' असा नसून 'आरटी-पीसीआर तपासणीने रोग सिद्ध झालेला आहे' असा आहे. म्हणजे फुप्फुसे स्वच्छ असली तरी प्रयोगशाळेचा निर्णय हाती असल्यास अंक ६ पडू शकतो. सारांश, सातांपैकी पाच अंक चित्राविषयी बोलतात, एक यंत्रणेच्या अपयशाविषयी बोलतो आणि एक वेगळ्याच तपासणीविषयी. सोस्यूर यांनी भाषिक चिन्हाच्या ज्या मूल्याचा विचार मांडला, ते शेजारच्या चिन्हांशी असलेल्या विरोधातून ठरते. ४ चे मूल्य ३ व ५ यांच्या विरोधातून ठरते हे ठीक. परंतु ५ आणि ६ यांच्यात त्या जातीचा विरोधच नाही. तरीही अंकांची रांग पाहणाऱ्याला तो दिसतो, कारण अंक ही 'टि' किंवा 'घु' नव्हे. अंकाला लोकव्यवहारात अर्थ आहे आणि तो इतका दृढ आहे की कोणतीही व्याख्या तो पुसू शकत नाही : अंक क्रम दाखवितो व मोजमाप सांगतो. म्हणूनच अंकांची ही भाषा कृत्रिम संज्ञांची नसून, अन्वर्थ संज्ञांपैकी सर्वांत हट्टी अशा संज्ञांची आहे.

दुसरा मुद्दा संदर्भाचा. ही पद्धती रोगाचा प्रादुर्भाव मध्यम ते मोठा असलेल्या परिस्थितीसाठी रचली गेली, हे तिच्या कर्त्यांनीच नमूद केले आहे. याचा अर्थ फार खोल आहे. एकच धुकट छटा साथीच्या भरात पाहिली तर तिच्यामागे हा विषाणू असण्याची शक्यता मोठी. साथ ओसरल्यावर पाहिली तर तीच छटा इन्फ्ल्युएन्झाची वा औषधाच्या दुष्परिणामाची असण्याचा संभव वाढतो. चित्र तेच, अंक तोच, अर्थ मात्र निराळा. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर को-रॅड्सचा अंक 'आज', 'येथे' या शब्दांच्या जातीचा आहे : कोणी, कोठे, केव्हा उच्चारला हे कळल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर लिहिलेला ५ आणि एप्रिल २०२१ मध्ये लिहिलेला ५ हे एकच विधान नव्हे, ही गोष्ट जुने अहवाल चाळणाऱ्या संशोधकांनीही विसरू नये.

तिसरा मुद्दा एकमताचा. मूळ अभ्यासात १०५ रुग्णांची चित्रे आठ निरीक्षकांनी स्वतंत्रपणे वाचली. योगायोगाने जुळणारी मते वजा करून एकमत मोजणारा कप्पा हा गुणांक ०.४७ आला, म्हणजे मध्यम प्रतीचे एकमत. वर्ग ५ बाबत तो ०.६८ आणि वर्ग १ बाबत ०.५८ होता, मधल्या वर्गांबाबत बराच कमी. अर्थविचार करणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. 'गरम' आणि 'गार' यांविषयी माणसांचे सहज जमते. 'कोमट' कोठे सुरू होते, यावर घरोघर वाद असतो.

या आकड्याचा उपयोग करून प्रमाणीकरण फसले असे म्हणणारेही भेटतात. ते मला मान्य नाही. पूर्वीच्या मुक्त अहवालांत एक तज्ज्ञ 'विषाणुजन्य दाह संभवतो' असे लिही, दुसरा 'शक्यता नाकारता येत नाही' असे लिही, तिसरा 'कृपया लक्षणांशी पडताळून पाहावे' एवढ्यावर थांबे. या तिघांचे एकमत होते की मतभेद होता? सांगता येत नसे. 'शक्यता नाकारता येत नाही' हा तर आपल्या वृत्तपत्रांनी व कचेऱ्यांनी झिजविलेला वाक्प्रयोग. त्यातून दहा टक्के शक्यताही निघते आणि नव्वद टक्केही. अमेरिकी गुप्तवार्ता-विश्लेषक शर्मन केंट यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या निबंधात असाच अनुभव नोंदविला आहे. १९५१ च्या एका अहवालात 'गंभीर शक्यता' असा शब्दप्रयोग होता. तो एकत्र बसून लिहिणाऱ्यांनाच विचारले, तेव्हा कोणाच्या मनात वीस टक्के होते, तर कोणाच्या मनात ऐंशी. मतभेद असणे हा दोष नव्हे. तो असल्याचे न कळणे हा दोष. ०.४७ हा आकडा मिळू शकला, हीच प्रमाणभाषेची पहिली कमाई होय.

५

येथवरचे विवेचन तज्ज्ञांच्या आपापसातील भाषेचे झाले. आपल्याकडे मात्र ही भाषा तज्ज्ञांपुरती राहिली नाही. साथीच्या काळात महाराष्ट्रात सीटी तपासणी इतकी सार्वत्रिक झाली की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाला तिचे कमाल दर ठरवून द्यावे लागले. अहवाल डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या फोनवर येऊ लागला. आणि त्यात को-रॅड्सच्या अंकाशेजारी आणखी एक अंक असे : तीव्रतेचा 'स्कोअर'.

या स्कोअरची रीत अशी. फुप्फुसांच्या पाच खंडांपैकी प्रत्येकाला, त्याचा किती भाग बाधित आहे त्याप्रमाणे, ० ते ५ गुण द्यावयाचे : पाच टक्क्यांहून कमी असल्यास १, पंचवीसपर्यंत २, पन्नासच्या आत ३, पंचाहत्तरपर्यंत ४, त्यापुढे ५. बेरीज २५ पैकी. अन्यत्र २० व ४० गुणांच्या पद्धतीही वापरल्या गेल्या. या बेरजेत दोन फसवे धागे आहेत. एकूण ५ हे गुण पाचही खंड किंचित बाधित असल्यानेही मिळतात आणि एकच खंड जवळजवळ पुरता व्यापल्यानेही मिळतात. शिवाय उजव्या बाजूचा मधला खंड सर्वांत लहान असूनही त्याला इतरांइतकेच वजन आहे. त्यातून लोकांनी चाराने गुणून टक्केवारी काढण्याचा प्रघात पाडला. 'स्कोअर दहा, म्हणजे चाळीस टक्के फुप्फुस गेले,' असे बोलले जाई. वास्तविक प्रत्येक खंडाला दोन गुण मिळून दहा झाले असतील, तर एकाही खंडाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग बाधित नसतो. अंकाने आपला लौकिक अर्थ बजावला. व्याख्येला कोणी विचारले नाही.

येथे एक व्यक्तिगत अनुभव नमूद करणे प्राप्त आहे, कारण या लेखाचे मूळ त्यात आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझे थोरले मामा जिल्ह्याच्या गावी आजारी होते. मामेभावाचा दूरध्वनी आला : "दादा, मामांचा नव्हे, आपल्या बाबांचा रिपोर्ट आला. पाच आलाय." घाईत त्याची नातीही अडखळत होती. मी विचारले, "पंचवीसपैकी ना?" तो म्हणाला, "हो, असेल." सात-आठांच्या आतला स्कोअर सौम्य, अशी गणती तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. मी त्याला धीर दिला आणि उद्या पाहू म्हणालो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी अहवालाचे छायाचित्र पाहिले. पाच हा को-रॅड्सचा अंक होता. स्कोअर दुसऱ्या पानावर होता, आणि तो सतरा होता. तोवर मामांची प्राणवायूची पातळी उतरू लागली होती. खाट मिळाली, ते बरे झाले. पण तो एक दिवस माझ्या खाती आहे. अहवालात एकही चूक नव्हती. भावाने वाचलेला अंकही बरोबर होता. अर्थाचा अभ्यास हा ज्याचा व्यवसाय, त्याने 'कशापैकी पाच?' हा प्रश्न विचारण्याऐवजी त्याचे उत्तरच सुचविले, ही चूक माझी.

तथापि चूक माझी असली तरी तिची वाट भाषेने मोकळी ठेवली होती. एकाच पानावर दोन श्रेणी, दोहोंत ५ हा अंक, एकीत तो टोकाचा आणि दुसरीत तळाजवळचा. आणि बोलताना छेद गळून पडतो, ही तर बोलभाषेची प्रकृतीच आहे. त्यातही खेदाची गोष्ट ही की, मी त्या दिवशी विचारावयास हवा होता तो आकडा या दोहोंपैकी एकही नव्हता. केंद्र शासनाच्या उपचारविषयक मार्गदर्शक सूचनांत रोगाची तीव्रता ठरे ती प्राणवायूची पातळी व श्वसनाची गती यांवरून, स्कोअरवरून नव्हे. प्रकृती खालावत असेल तरच सीटी करावा, असेही त्यांत सांगितलेले होते. परंतु आजाराला 'स्कोअर' हे नाव मिळाले आणि नाव मिळाले की तीच वस्तू वाटू लागते.

६

मग उपाय कोणता? अंक काढून टाकावेत, असे मी म्हणणार नाही. संशोधनाला, तुलनेला आणि भरगर्दीत निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला अंक हवाच. माझे म्हणणे एवढेच की अहवालाला आता दोन वाचक आहेत हे मान्य करून दुसऱ्या वाचकासाठी अखेरीस चार वाक्ये मराठीत असावीत, आणि त्यांत तीन प्रश्न एकमेकांपासून अलग ठेवावेत : काय दिसले, ते बहुधा कशामुळे, आणि किती व्याप्त आहे. चौथे वाक्य अहवाल काय सांगत नाही याचे असावे. नमुन्यादाखल :

"दोन्ही फुप्फुसांत, विशेषतः कडेच्या भागात, धुकट छटा आहेत. सध्याच्या साथीत असे चित्र कोविडमुळे असण्याची शक्यता फार मोठी आहे. शक्यतेच्या पाच पायऱ्यांपैकी ही सर्वांत वरची पायरी. फुप्फुसांच्या व्याप्तीचे गुण २५ पैकी १७. रुग्णाची प्रकृती किती गंभीर आहे हे या अहवालावरून ठरत नाही. त्यासाठी प्राणवायूची पातळी व श्वसन आजच डॉक्टरांना दाखवावे."

यावर आक्षेप येईल की साथीच्या भरात दिवसाला शेकडो चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञाला वाक्ये लिहिण्यास सवड कोठली? परंतु प्रमाणभाषेचा लाभ नेमका हाच आहे. वर्ग ठरले, गुण ठरले की वाक्ये साच्यातून आपोआप छापता येतात. साचा एकदाच काळजीपूर्वक घडवावा लागतो, आणि तो घडविण्याचे काम एकट्या वैद्यकाचे नाही. राज्याचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, त्याने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश दिले. त्या कोशांतून शब्द मिळतात. 'बहुधा', 'कदाचित', 'जवळजवळ निश्चित' या शब्दांच्या पायऱ्या मराठी माणसाच्या मनात कोणत्या क्रमाने व किती अंतराने आहेत, हे मात्र कोशात सापडणार नाही. ते विचारून, मोजूनच ठरवावे लागेल.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. रुग्णांची नावे वगळून अहवाल जमवावेत; त्यांतील शक्यतावाचक शब्द वेचावेत; शहरातील व खेड्यातील निरनिराळ्या वयाच्या माणसांना ते ऐकवून प्रत्येकाने शंभरापैकी किती मानले ते नोंदवावे. को-रॅड्सच्या कर्त्यांनी आठ निरीक्षकांचे एकमत मोजले. ऐकणाऱ्यांचे एकमत मोजण्याचे काम आपल्याकडे अद्याप व्हावयाचे आहे, आणि पुढील साथ येण्यापूर्वी ते झाले पाहिजे.